दापोऱ्याची भिकबाळी

मित्रांनो, मी एक जुनी भिकबाळी आहे, आणि माझ्या नावातली भीक मी लपवत नाही, चांगली मिरवते. सोन्याच्या तारेचं एक लहानसं कडं आणि त्यात ओवलेलं एक लाल पोवळं, एवढाच माझा थाट. उजव्या कानाच्या वरच्या कडेला माझी जागा. ही जागा मोठी सोयीची आहे बरं का. पायातल्या तोड्याच्या वाट्याला धूळ येते, बोटातल्या अंगठीला भांडी घासावी लागतात, पण कानाशी राहणाऱ्याला सगळ्या गावाचं बोलणं ऐकू येतं. म्हणून मी जरा बोलकी झाले आहे. सांभाळून घ्या.

तुमचा जन्म एका घरात झाला असेल. माझा तसा झाला नाही. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं होतं. संस्थानं एकामागून एक देशात विलीन होत होती, आणि बुऱ्हाणपूरच्या चौकात लोक सकाळी चहा पिताना 'आज कोण सामील झालं?' असं एकमेकांना विचारत. त्या दिवसांत मीही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होते. बुऱ्हाणपूरजवळच्या दापोरा गावात गिरधरच्या बायकोच्या डब्यात मी नथीचा मोडका आकडा होते. शेजारच्या घरी मंगळसूत्राचा चेपलेला मणी होते. आणखी एका घरी मी एकटी कुडी होते. माझी जोडीदारीण कापूस वेचताना शेतात हरवली होती. असे माझे चार-पाच अवतार निरनिराळ्या घरांत, चिंध्यांत गुंडाळून पडलेले होते. म्हणूनच मी जन्मण्याआधीच्या गोष्टीही तुम्हाला सांगू शकते.

दापोऱ्यात शालिग्राम नावाचा केळी पिकवणारा शेतकरी होता. त्याची बायको सोजरबाई. तिची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. दिवाळीनंतर तिसरं बाळ झालं, मुलगा. तो चांगला गुटगुटीत होता आणि रडला की गोठ्यातली गाय मान वळवून बघायची. पण सोजरबाई त्याला पाळण्यात ठेवीना. कुणाच्या मांडीवर देईना. जेवताना एका हाताने जेवायची, दुसरा हात बाळाभोवती. झोप आली तरी बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. बाळ खाली ठेवलं आणि नजर हलली की ते जाईल, ही भीती तिच्या हाडात शिरली होती.

आमच्या भागात अशा आईसाठी एक रीत आहे. बाळाचं नाव मुद्दाम साधंसुधं ठेवायचं, भिकन, कडू, दगा असं काहीतरी, म्हणजे कुणाची नजर त्याच्यावर ठरत नाही. मग आईने बाळाला घेऊन शेजारच्या दारांत जायचं, पदर पसरायचा आणि गुंजभर सोनं मागायचं. त्या मागून आणलेल्या सोन्याची बाळी करून बाळाच्या कानात घालायची. म्हणजे सटवाईलाही वाटावं की हे पोर या घरचं नाहीच, मागून आणलेलं आहे, याला कशाला हात लावा. सोजरबाईने बाळाचं नाव भिकन ठेवलं आणि भिकबाळी करायची असं नवऱ्याला सांगितलं.

इथेच घोडं अडलं. शालिग्राम मनाने सोन्यासारखा होता, पण मान त्याची लोखंडाची. त्याने कुणाचा बैल कधी मागून आणला नव्हता. शेजाऱ्याकडून विस्तव आणायचीसुद्धा त्याला लाज वाटे. गावात कुणाचं अडलं की तो न बोलावता हजर होई, आणि त्याचं अडलं की दार लावून घेई.

"देवानं मले देणारा हात देला हाये," तो म्हणाला. "माही बायको दारोदार पदर पसरंल, अन् मी पाह्यत बसू?"

"मंग मीच पोराले धरून बसते," सोजरबाई म्हणाली. "जलमभर."

 शालिग्रामने दोन दिवस विचार केला आणि त्याला एक युक्ती सुचली. मित्रांनो, गर्विष्ठ माणसाला युक्ती सुचली की समजावं, आता गंमत होणार. तो बुऱ्हाणपुरास गेला, सोन्याची सरळ तार विकत आणली आणि तिचे सारखे तुकडे केले. मग सोजरबाई बाळाला न्हाऊ घालत असताना तो त्या चार-पाच घरी जाऊन आला. माझा नथीचा आकडा गिरधरच्या घरच्या डब्यात होता, म्हणून मी स्वतः ऐकलं. गिरधरच्या बायकोच्या हातावर त्याने तारेचा तुकडा ठेवला आणि इकडेतिकडे बघत सांगितलं की सोजर मागायला आली की हेच तिच्या पदरात टाक, आणि या कानाचं त्या कानाला कळू देऊ नको. शेजारच्या घरीही तो हेच बोलला. तिथेही मी होतेच, मण्याच्या रूपात! तिसऱ्या घरी कुडीच्या रूपात होते. हे एकच वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं.

म्हणजे त्याचा हिशेब असा, की रीत झाल्यासारखी दिसावी, बायकोचं समाधान व्हावं आणि शालिग्रामच्या घरात दुसऱ्याचं काही येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई निघाली. बाळ उराशी, पदर पुढे. पहिलं दार गिरधरचं. गिरधरच्या बायकोने तिला फार वेळ उभं केलं नाही. आत गेली, डबा उघडला, तारेचा तुकडा बाजूला सारला आणि मला उचललं. नथीचा तो आकडा सोजरबाईच्या पदरात पडला. मग मणी आला, कुडी आली, आणखी दोन घरचे बारकेसारके तुकडे आले. सोजरबाईने न बघता पदराला गाठ मारली. भिकेकडे टक लावून बघू नये म्हणतात.

गावात एक घर मात्र तिने सोडलं. मथुराबाईचं. मथुराबाई म्हातारी, एकटी. एके काळी तिच्या कानांत इतकं सोनं होतं की पाळ्या लोंबल्या होत्या. लेकींच्या लग्नांत ते सगळं गेलं. आता त्या मोठमोठ्या भोकांत ती कडुनिंबाच्या काड्या घालून ठेवायची, भोकं बुजू नयेत म्हणून. तिच्याकडे काय मागायचं, उगाच तिला अवघडल्यासारखं होईल, असं सोजरबाईला वाटलं. शालिग्रामनेही तार देताना तिचं दार टाळलं होतं. ओट्यावर बसून मथुराबाईने सोजरबाईला आपल्या घरावरून पुढे जाताना पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं.

मग आम्ही बैलगाडीने बुऱ्हाणपुरास निघालो, लीलाधर सोनाराच्या दुकानात. लीलाधर हा मोठा बोलघेवडा माणूस. त्याच्या दुकानात काम नसलेली माणसं कामवाल्यांपेक्षा जास्त बसत. त्या दिवशी एक म्हातारे वैद्य होते, अरविंद मास्तर होते आणि कलाबत्तूचा, म्हणजे जरीच्या तारेचा, व्यापार करणारे एक शेठ होते. बाळ बघून त्यांच्यात वाद सुरू झाला की माणूस कान मुळात टोचतोच का.

वैद्य म्हणाले, कानाच्या पाळीत एक शीर आहे, ती टोचली की अंडवृद्धी होत नाही आणि बुद्धी तल्लख राहते. मास्तरांना ते पटलं नाही. ते म्हणाले, सोळा संस्कारांत कर्णवेध सांगितलेला आहे, आणि लेण्यांमधल्या दगडी मूर्ती बघा, प्रत्येकीचे कान लोंबलेले. कर्ण तर कुंडलं घालूनच जन्मला. शेठ हसले. त्यांचं म्हणणं, बुऱ्हाणपुरातून पूर्वी तांडे जायचे, त्या लोकांनी कानात सोनं घातलं कारण कमरेची थैली चोर कापतो, कान कापायला तो दहा वेळा विचार करतो. शिवाय परमुलखात माणूस मेला तर त्याच्या कानातल्या सोन्यावर परके लोक त्याची माती करतील. लीलाधर भाता चालवत म्हणाला की तुमचं तिघांचंही खरं असेल, पण लोकांनी कान टोचले नसते तर सोनाराने खाल्लं काय असतं? सगळे हसले. मीही गाठीत हसले. मला वाटतं, इतकी जुनी रीत एका कारणावर टिकत नाही. ज्याला जे हवं होतं, ते त्याने कानात घातलं.

"आना, बाई, सोडा गाठ," लीलाधर म्हणाला.

सोजरबाईने गाठ सोडली. लाल कापडावर मी पडले: वाकडा आकडा, चेपका मणी, एकटी कुडी, आणि बाकीचे बारके तुकडे. लीलाधरने बघितलं आणि म्हणाला की हे तर पंचमेल आहे, छान.

शालिग्राम वाकून बघत होता. त्याचे डोळे मोठे झाले. आणि मित्रांनो, ज्या गोष्टीसाठी त्याने गावभर कानात सांगितलं होतं की कळू देऊ नका, ती तो स्वतःच भर दुकानात बोलून गेला.

"हे कसं? मी तं समद्यायले तार देली होती."

भात्याचा आवाज थांबला. शेठ, मास्तर आणि वैद्य, तिघेही एकदम आपापल्या नखांकडे बघू लागले. सोजरबाईने हळूच मान वर केली. काय झालं ते तिला कळायला वेळ लागला नाही. तिने मला भरभर गोळा केलं आणि पुन्हा पदरात बांधलं.

"तार घेऊन त्यायनं हे देलं असंल, तं ही भीक नही झाली," ती म्हणाली. "हा बाजार झाला. हे सोनं मुशीत जाणार नही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाळाला आणखी घट्ट धरून भिंतीशी सरकून बसली, आणि ते बघून शालिग्रामचा चेहरा उतरला. घरी तिने त्याला समजावलं होतं, ते त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आता लीलाधर बोलला. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते काही खोटं नाही.

"भाऊ, पोराचे कान मी नंतर टोचीन," लीलाधर म्हणाला. "पहिले तुमचे टोचावं लागतीन. ज्याले घ्यायले येत नही, त्याचं देनं बी खरं नही. जा, आपली तार मांगून आना."

मग काय, गाडी परत वळली. आता शालिग्रामला दारोदार जावं लागणार होतं, तेही काहीतरी मागायला. मी सोजरबाईच्या पदरात होते, आणि सोजरबाई त्याच्या मागे तीन पावलांवर. गिरधरच्या दारात तो उभा राहिला, खाकरला, पागोटं सारखं केलं, यंदा केळीचे घड बरे पडलेत असं सांगितलं. गिरधरच्या बायकोने त्याला थोडं तळमळू दिलं. मग पदराच्या टोकातून तारेचा तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. तिने तो केव्हाच बांधून ठेवला होता, कान टोचायच्या दिवशी परत द्यायला.

"आमी काही बदला नही केला, शालिग्रामभाऊ," ती म्हणाली. "तुही पोरं गेली तवा तुह्या घरून दोन खेपा आमी रिकाम्या हातानं परत आलो. द्यायले काहीच नव्हतं आमच्यापाशी. या खेपेले देता येत होतं, अन् तेबी तू आमच्या हातून काढून घेत होता."

शालिग्रामने तुकडा कनवटीला लावला. सोजरबाईच्या डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं आणि त्यातला एक थेंब गाठीवर, म्हणजे माझ्यावर, पडला. पुढच्या प्रत्येक दारात तसंच झालं. कुणी तार कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती, कुणी देवाजवळ. एकीनेही ती आपली मानली नव्हती. एकमेकींना न विचारता सगळ्या बायकांनी एकच केलं होतं.

सगळी तार परत आली. सोजरबाईचं मन निवलं असेल असं मला वाटलं. पण ती मथुराबाईच्या घरापाशी थांबली.

"इथं मी चुकली," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमीबी चुकले. इथलं तुमी मांगा."

मथुराबाई ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. शालिग्रामने तिच्या छपराची चौकशी केली. तिने छप्पर ठीक आहे म्हणून सांगितलं. त्याने गुडघ्याची चौकशी केली. गुडघेही ठीक होते. 

"काय पाह्यजे तुले?" मथुराबाईने विचारलं.

"तुले माहीत हाये, काकू."

"मले समदं माहीत हाये. पन मांगल्याबिगर मी देत नही."

मी सोजरबाईच्या पदरातून कान टवकारून ऐकत होते. शालिग्रामने खांद्यावरचं उपरणं काढलं. ते दोन्ही हातांत धरून त्याने तिच्यासमोर पसरलं. त्याचे हात चांगले जाडजूड होते, केळीच्या चिकाने काळे पडलेले.

"काकू," तो म्हणाला, "माह्या पोरासाठी भीक घाल."

मथुराबाई उठली. शेंगांची टरफलं झटकली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत एक लाल पोवळं होतं. सोनं सगळं गेलं होतं, पण तिच्या जुन्या बाळीतलं एवढं पोवळं तिने ठेवून दिलं होतं. ते तिने उपरण्यात टाकलं आणि म्हणाली की कधीची बसले आहे, म्हटलं माझं दार कुणाला दिसतं की नाही.

दुसऱ्या दिवशी लीलाधरच्या दुकानात मी खऱ्या अर्थाने जन्मले. मुशीत घातलं तेव्हा आकडा, मणी आणि कुडी थोडा वेळ आपापल्या आकारात तग धरून होते. मग कडा सुटल्या, सगळं लालभडक झालं आणि कोणतं सोनं कुणाचं ते मलाही सांगता येईना. अरविंद मास्तर म्हणाले, झाली संस्थानं विलीन. लीलाधरने मला ठोकलं, बारीक भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून ओढून तार केली, वळवली आणि मथुराबाईचं पोवळं ओवलं. ओढताना फार दुखतं, पण त्याशिवाय बाळी होत नाही.

कान टोचायला गाडी भरून बायका आल्या होत्या. बाळाला मांडीवर कुणी घ्यायचं असं लीलाधरने विचारलं. सगळ्या सोजरबाईकडे बघू लागल्या, कारण ती बाळ कुणाला देत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोजरबाईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग बाळाला उचललं आणि मथुराबाईच्या मांडीवर ठेवलं. लीलाधरच्या हाताखाली भिकनने असा टाहो फोडला की रस्त्यावरचे लोक थांबले, आणि मी त्याच्या कानात जाऊन बसले. रडणं थांबेपर्यंत तो या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. सोजरबाई मात्र दुकानाच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी मावा जिलबी खात होती. किती दिवसांनी तिचे दोन्ही हात मोकळे झाले होते! त्या रात्री भिकन पाळण्यात झोपला.

मित्रांनो, एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगते. भिकनला मी वाचवलं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मी गुंजभर सोनं, मी काय कुणाला वाचवणार? पण पुढच्या आषाढात त्याला ताप भरला तेव्हा गिरधर रात्रीच गाडी जुंपून डॉक्टर घेऊन आला, मथुराबाई तीन दिवस उशाशी बसली, आणि शालिग्रामने कुणालाही दार लावलं नाही. मी कानात होते म्हणून प्रत्येक घराला वाटत होतं की या पोरात आपलाही वाटा आहे. माझं काम एवढंच.

आणि त्या परत आलेल्या तारेचं काय झालं? शालिग्रामने ती डबीत ठेवली. पुढे पंचक्रोशीत कुणीही आई पदर पसरून आली की तो त्यातला तुकडा तिला घाली, आणि त्या दिवशी फार खुशीत असे. नेपानगरचा कागदकारखाना सुरू झाला, आमचं मध्य प्रदेश राज्य नव्याने झालं, भिकन आठ वर्षांचा झाला, तोवर ती तार अनेक कानांत पोचली होती.

त्या वर्षी थंडीत जैनाबादची एक तरुण बाई तापी ओलांडून आली. कडेवर तान्हं मूल. तीही आपलं मूल खाली ठेवत नव्हती. शालिग्राम हसतमुखाने आत गेला, डबी उघडली, उलटी केली. डबी रिकामी होती. तार संपल्याचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो दारात आला तो मान खाली घालून.

भिकन पायरीवर भोवरा फिरवत होता. त्याने बापाकडे बघितलं, त्या बाईच्या पदराकडे बघितलं, मग उजवा कान पुढे करून बापासमोर उभा राहिला.

"हिच्यातला तुकडा घ्या, आबा," तो म्हणाला. आणि मग जरा काळजीने त्याने विचारलं, "पन तिले दुखंल का?"

आजवर मला लोकांनी पारखलं होतं, तोललं होतं, कौतुकही केलं होतं. पण मला दुखेल का, असं कुणीही विचारलं नव्हतं. मला त्याला सांगायचं होतं की नाही रे, अजिबात नाही. सांगता येत नाही, म्हणून आज तुम्हाला सांगते आहे.

लीलाधरने माझं एक टोक कातरलं आणि मला पुन्हा वळवलं. त्यानंतर मी पुष्कळदा कातरले गेले. आता मी इतकी लहान आहे की भिकनच्या कानाला जेमतेम वेढा घालते, आणि माझ्यापेक्षा पोवळंच मोठं दिसतं. नवी मुलं विचारतात, ही कसली फुसकी बाळी? भिकन हसतो आणि मला चाचपून बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या डबीत मोडका आकडा, एकटी कुडी, चेपका मणी पडलेला असेल. त्यांना अंधारात विसरू नका. आणि तुमच्या दारात कुणी पदर पसरून आलं तर त्यांच्यातलं थोडं घाला. कधी तुमच्यावर मागायची वेळ आली, तर ज्या घरी काही नाही असं तुम्हाला वाटतं, तिथे आधी जा. माझं पोवळं तिथूनच आलं आहे.